कोरी जायला हवी होती ती पट्टी

नंदुरबार
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रोशनी,
तुला, ललितला आणि पवनला आशीर्वाद. मी बरी आहे. मिरचीच्या ठसक्याने इथे सगळं गाव शिंकतंय. पवनला उद्या दवाखान्यातून घरी सोडणार, हे ऐकून रडूच आलं. फोन करते, पण ‘बाळ कसं आहे’ विचारून ठेवून देते. म्हणून हे पत्र.

बारशानंतर पवनची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघायला लागली, तेव्हा आईने मालीश करणाऱ्या रमिलाबाईवर खापर फोडलं. “तिन्हा हातमाच दोस शे,” म्हणाली आणि तिचं येणं बंद केलं. आमच्या लॅबमधल्या तपासणीसाठी मी रमिलाबाईच्या नाकात कापसाची काडी फिरवली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काडीने येतंच ते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पवनच्या कातडीला लागलेला हा जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात निमूट बसलेला असतो. त्यातल्या काहींनाच कातडी सोलणारं विष बनवता येतं. त्या विषाचं जनुक सापडलं की आमच्या लॅबमध्ये पट्टी उमटते. तुलनेला एक निरोगी नमुना लागतो. तो आम्ही आपलाच घेतो, दुसऱ्याला कुठे शोधत बसायचं! मीही हसतहसत माझ्याच नाकात काडी घातली.

पवनची पट्टी उमटली. रमिलाबाईची कोरी. आणि माझी उमटली.

नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा सगळं केलं. तेच आलं.

बारशाला आत्या म्हणून त्याच्या कानात नाव मीच सांगितलं ना गं? गालाला गाल लावून. पण नंतर दवाखान्यातही त्याला उचललं होतं. मग मी त्याला दिलं की त्याच्याकडून घेतलं? आमचे चुनीलाल सर म्हणतात, दोन्ही जंतू एकच आहेत का, हे पुण्याहून कळेल. कुणी कुणाला दिलं, ते तिथूनही सांगता येणार नाही. मध्येच वाटतं, देणारी मी नसेनच. लगेच अशा विचाराची लाज वाटते.

नाकात मलम लावतेय. डॉक्टर सांगेपर्यंत तुमच्याकडे प्रकाशा गावी येणार नाही. त्याला घ्यायला जीव तुटतो, तरी नाही.

तू एवढं कर. रमिलाबाईला आईने स्वतः जाऊन बोलवावं. आई ऐकणार नाही, तेव्हा हे तिला वाचून दाखव. दोष काढायचाच असेल तर म्हणावं, पोटच्या लेकीचा काढ.

तुम्हा सगळ्यांची, पण लांबूनच,
कामिनी