काळ्या छत्रीतली मुलगी

कोपरी, ठाणे (पूर्व)
७ डिसेंबर १९९३

प्रिय मंजुळा,

काकूंना नमस्कार, तुझ्या मांजराला माझ्याकडून एक टपली. डोंबिवलीची नवी शाळा कशी आहे? तुझी पत्रं येत राहिली आणि माझं एकही नाही, म्हणून चिडली असशील. चिड. पण हे पूर्ण वाच.

मला बरं नव्हतं. तू गेल्यावर मे महिन्यात गुडघे दुखायला लागले, केस गळायला लागले, नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल चट्टे आले. उन्हात ते जास्तच भडकायचे. मग चेहरा भरला. आजी इतकी खूश! "काय गो, पोरीच्या अंगाला लागलं एकदाचं," म्हणून शेजारणींना दाखवत सुटली. मीही आरशात बघून खूश. ती सूज आहे हे कुणालाच कळलं नाही. लघवी काळ्या चहासारखी झाली, फेस यायला लागला, तेव्हा बाबांनी उचलून हॉस्पिटलात नेलं.

आजाराचं नाव ल्युपस. रोगाशी लढणारी आपली ताकद आपल्याच शरीरावर उलटते. माझ्या मूत्रपिंडांवर उलटली. पाठीतून सुई घालून त्यांचा बारीकसा तुकडा काढला आणि मग दिवसभर उताणं पडून राहायचं, हलायचं नाही. मी! डॉक्टरबाई म्हणाल्या, तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहिला, क्लास फोर आहे. मी म्हटलं, मी सातवीत आहे. त्या हसल्या, पण आय रडली, तेव्हा कळलं की चौथा चांगला नसतो. त्यांनी समजावलं, मूत्रपिंडात बारीक गाळण्या असतात, त्या सुजल्यात, त्यातून रक्त आणि प्रोटीन निसटतंय. बाबा म्हणाले, "म्हंजे जाळं फाटलंय." ते दुरुस्त होईल का, हे विचारायला ते घाबरत होते. मीच विचारलं. होईल म्हणाल्या, वेळ लागेल, आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत.

मीठही बंद. कोळ्याच्या घरात! आजीनं सुकट भाजली की मी पाय आपटत बाहेर जाते.

आता खरं लिहिते. परवा रविवारी तू आत्याबरोबर इथल्या बाजारात आली होतीस. निळा स्वेटर घातला होतास. समोर काळी छत्री घेतलेली एक फुगलेल्या तोंडाची मुलगी होती. थंडीत छत्री कशाला, म्हणून तू बघितलंस आणि पुढे गेलीस. ती मी होते. मला ऊन चालत नाही, आणि गाल आता गोळ्यांनी तसे झालेत. हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण तू ओळखलं नाहीस हे इतकं लागलं की मी छत्रीच तोंडापुढे ओढली.

तुझी चूक नाही गं. मीसुद्धा मला ओळखलं नसतं. पण त्या संध्याकाळी मी गोळ्या घेणारच नाही म्हणून हटून बसले. आय ओरडली नाही. तिनं माझा पाय मांडीवर घेतला आणि घोट्याजवळ बोट दाबलं. आधी तिथे खळगा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा. आता पडला नाही. "बघ," इतकंच म्हणाली. मी गोळ्या घेतल्या.

गोळ्या कमी झाल्या की चेहरा परत येईल म्हणतात. कधी, ते कुणी सांगत नाही. तोवर तुला टाळायचं ठरवलं होतं, पण मला ते जमत नाहीये. येत्या रविवारी ये. मी स्टेशनबाहेर पूर्वेला छत्री घेऊन उभी असेन. या वेळी हाक तू मार.

तुझीच, गाल सोडून बाकी सगळी तीच,
रतन