खलफानच्या बंदुकीचा दस्ता

निझवा, ओमान, ४ नोव्हें. २०१६, शुक्रवार

सुट्टी, पण कसली सुट्टी. सकाळीच खलफानची गाडी दारात. अर्बाबचा, म्हणजे आमच्या मालकाचा, धाकटा. गुडघ्याएवढा होता तेव्हापासून बघतोय, आमच्याच वर्कशॉपात भुशात लोळायचा. आता दाढी आली आणि शिकारीचं खूळ. पहिली बंदूक घ्यायची आहे, हरणं मारायला. स्वस्तातली, कारण बाप पैसे देत नाही. "बाबा, लोहा मैं देखेगा, लकडी तुम देखो."

बकऱ्यांच्या बाजाराला लागून म्हातारे जुन्या बंदुका घेऊन बसतात. मुताचा वास, त्यातच लोकांचं खाणं चाललेलं. तीन पाहिल्या. एक चांगली, पण भाव त्याला झेपणारा नाही. एक एवढी जड की ती घेऊन हरणामागे धावणार कोण. तिसरी हलकी, नळी नवी, भाव बरा, पण दस्ता प्लास्टिकचा. पोराला पसंत पडत आली होती. मी तोंड उघडलं. म्हटलं, प्लास्टिकची ती काय बंदूक, बादली आहे का? लाकूड ते लाकूड. त्याने लगेच खाली ठेवली.

मला काय गरज होती बोलायची.

६ नोव्हें., रविवार

इथे हरण मारायला बंदी आहे. पकडले गेले तर ते जेलात, मी विमानात. मी नुसतं लाकूड बघितलं हे पोलिसांना कोण सांगणार? व्हिसा याच महिन्यात संपतो. साठी उलटलेल्याचा वाढतो की नाही ते अर्बाबच्या मर्जीवर.

हुसेनभाईंना थट्टा सुचते. राजापूरचे, सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, मसाल्याचं दुकान, खोली आमची एक. "काय वो मिस्त्री, या वयात शिकारीला जाताव काय? एक तंगडी आमाला ठेवा."

म्हटलं, तो विषय नको. लहानपणी गावात रानडुकरांच्या हाक्याला जायचो, डबे बडवत. एकदा डुकराच्या जागी भेकर निघालं. कुणीतरी बार काढला. लवकर मेलं नाही. नंतर घरी वाटा आला, मी ताटावरून उठलो. आई बडबडली. पुन्हा हाक्याला गेलो नाही. हे हुसेनभाईंना सांगितलं तर म्हणाले, "मग कोलंबी कशी खाताव?"

९ नोव्हें., बुधवार

दु. खलफानबरोबर नासर आला. खलफानचा मामा, अर्बाबच्या बायकोचा भाऊ. अत्तर आधी आत येतं, माणूस मागाहून. मी जेवत होतो. फोन माझ्या ताटावर धरून व्हिडिओ दाखवला. वाळवंटात गाडी पळते आहे, दिव्याच्या झोतात हरणी. पोटुशी असावी, पळताना कळत होतं. बंदूक नंतर. आधी गाडीने दमवून दमवून पाडली. मग हसण्याचे आवाज. भात तसाच टाकून दिला.

जाताना भाच्याच्या खांद्यावर हात टाकून अरबीत बोलला. मला समजतं तेवढं: प्लास्टिकची घेतली नाहीस, चांगलं केलंस. माझ्याकडे अस्सल अक्रोडाची आहे. बहिणीचा मुलगा तू, तुला स्वस्तात देतो.

तो गेल्यावर बाक फडक्याने पुसला. तरी वास जात नाही.

११ नोव्हें., शुक्रवार

खलफान बंदूक घेऊन आला. मागे नासर. "बाबा, मिया मिया?" म्हणजे शंभर टक्के ना. हातात घेतली आणि ओळखली.

हीच. पावसाळ्यानंतर (गावच्या पावसाळ्यानंतर, इथे कसला पाऊस) नासरनेच आणली होती. मुठीपाशी लाकूड वाळवीने आतून खाल्लेलं, पटाशी लावली तर पिठासारखं. मी म्हटलं होतं, याचं काही होणार नाही. तो म्हणाला, मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, भिंतीवर टांगायची आहे. मग मी कोरलं, भुसा आणि चिकटा भरला, वरून रंग जुळवून पॉलिश. नेताना बजावलं, टांगायला ठीक, बार काढायचा नाही. "तमाम, तमाम," म्हणाला, म्हणजे ठीक, ठीक. तीच सख्ख्या भाच्याच्या गळ्यात बांधली. बार निघाला की मूठ फुटणार आणि मागचं लोखंड पोराच्या तोंडावर.

नासर माझ्याकडे बघत उभा. दाढीत हसत.

मी म्हणालो, "अच्छा है."

अच्छा है म्हणालो! स्वतःच्या तोंडाची शिसारी येते. दोनदा चूळ भरली.

१३ नोव्हें., रविवार

हुसेनभाईंना सगळं सांगितलं.

"गप ऱ्हावा मिस्त्री. मामा-भाच्यात परदेशी मानसानं पडू नये. व्हिसा होऊ दे, मंग बोला."

"तोवर पोराचा डोळा गेला तर?"

भांडी घासायला लागले. मग म्हणाले, "आनि नासर बोलला, ती बंदूक येगळी, ही येगळी, तर? काय दाखवाल?"

दाखवायला आहे. तेच तर सांगायचं नव्हतं. दसऱ्याला बंदूक वर्कशॉपातच होती. दरवर्षी मी करवत, रंधा, पटाश्या मांडून पूजा करतो. अर्बाबला ठाऊक आहे, तो त्या दिवशी तिकडे फिरकत नाही. बंदूक बाकावरच पडलेली. शस्त्र समोर असताना त्याला वगळून बाकीच्यांची पूजा कशी करायची? दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी पॉलिशसाठी काढलेली होती. तिथल्या उघड्या लाकडावर कुंकू लावलं, झेंडूची पाकळी ठेवली. पॉलिश ओलं, पाकळी चिकटली. दुसऱ्या दिवशी पुसायला जीव झाला नाही. वरून पट्टी बसवली, स्क्रू आवळले. भिंतीवरची बंदूक, कोण उघडतंय.

हुसेनभाई या वेळी हसले नाहीत. "ह्ये काय केलाव मिस्त्री तुमी. दुसऱ्याच्या बंदुकीवर."

रात्रभर हेच डोक्यात.

१५ नोव्हें., मंगळवार

घरी फोन. हिला काही सांगितलं नाही. ती विचारते, व्हिसाचं काय. म्हटलं, होईल.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. समजा खलफानला सांगितलं, त्याला पटलं. तर तो काय करेल? शिकार सोडेल? छे. ती प्लास्टिकची घेईल. नवी नळी, हलकी, नेम धरायला सोपी. म्हणजे गप्प बसलो तर पोरगा, बोललो तर हरणी. व्हिडिओतली तशी, पोटुशी. आणि दोन्हीकडे माझा हात. या लाकडाचा, या धंद्याचा वीट आला आहे.

१६ नोव्हें., बुधवार

सं. खलफान आला, दस्त्याला तेल मारून हवं. शुक्रवारी नॅशनल डे, सगळा देश सुट्टीवर, त्यात हे मामा-भाचे वाळवंटात जाणार. नासर नव्हता.

सांगितलं.

"मामा झूठ बोला?"

"मेरे को भिंत का बोला था. दीवार का."

"बाबा, तुम उस दिन अच्छा बोला."

"डर के बोला."

त्याला पटेना. असल्या बंदुका शंभर असतात म्हणाला. मग मी स्क्रूड्रायव्हर घेतला. खाच सापडेना. त्यानेच माझा हात धरून टोक खाचेत बसवलं. लहानपणी मी त्याला खिळा असाच धरायला शिकवला होता. दोन स्क्रू काढले, पट्टी निघाली. कुंकू तसंच, लाल. पाकळी काळी पडलेली.

"ये क्या है?"

खोटं सुचलं नाही. म्हटलं, हमारा ईद था. औजार का पूजा करते हैं.

"मेरे बंदूक का?"

"तब तुम्हारा नहीं था."

त्याने अंगठ्याने कुंकू पुसलं, वास घेतला. पटाशी मागितली. मुठीपाशी टोक दाबलं, ते आत गेलं. चांगल्या लाकडात असं जात नाही, हे त्यालाही कळतं, माझ्याच भुशात वाढला आहे. अंगठा अजून लाल होता. मग बंदूक उचलली, पट्टी खिशात टाकली, गेला. रागावला की नाही, कळलं नाही. मी "खलफान" म्हटलं, वळला नाही.

१७ नोव्हें., गुरुवार

दिवसभर कोणी आलं नाही. संध्याकाळी खलफानची गाडी वर्कशॉपासमोरून गेली. मागे तंबू, पाण्याचे कॅन. पुढे तो, शेजारी नासर. बंदूक होती का, असली तर कोणती, दिसलं नाही. मी शटरपर्यंत धावलो, चप्पल सुटली. नासरने हात हलवला. खलफान सरळ रस्त्याकडे बघत होता.

हुसेनभाईंनी डाळ केली होती. माझी झाकून ठेवली.

१८ नोव्हें., शुक्रवार

सकाळपासून बाहेर झेंडे, हॉर्न, पोरं गाड्या सजवून फिरतायत. खलफानला तीनदा फोन लावला. लागत नाही. वाळवंटात रेंज नसते, हुसेनभाई म्हणतात. नसेलही.

नमाजानंतर अर्बाबचा फोन. "बाबा, कल घर आना. बताका लेके आना." बताका म्हणजे माझं ओळखपत्र. व्हिसा वाढवायला तेच लागतं, रद्द करायलाही तेच. विचारलं, खलफान आला का? "कल आओ," म्हणाला आणि फोन ठेवला.

बताका पाकिटात ठेवलं आहे. शर्टला इस्त्री केली.

वर्कशॉप बंद, तरी जाऊन बसलो. बाकावर पट्टीचे दोन स्क्रू आहेत, परवा काढलेले. पट्टी त्याने नेली, हे विसरला. की मुद्दाम ठेवले? इतर स्क्रूंच्या डबीत टाकायला हात उचलला होता. नाही टाकले. येईल न्यायला.