पांगलिमा खुशाल आहे

सालातिगा,
रविवार, सकाळ (धुकं अजून अंगणातच बसलं आहे)

तीर्थरूप बंधू कांगमास प्रवोतो यांच्या थोरल्या पायांशी धाकट्या विर्योनोचा वाकून सलाम.

आपली प्रकृती, आपले गुडघे आणि गुडघ्यांहून नाजूक असा आपला स्वभाव बालिकपापानच्या उकाड्यात ठीक असेल अशी आशा करतो. पुतणी आणि तिचं बाळ सुखरूप असतील. नातू आजोबांवर गेला आहे असं वहिनींनी रुस्तिनीला फोनवर सांगितलं; म्हणजे तोही दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढत असणार. (बाळाला माझा आशीर्वाद. बाळाच्या आजोबांना देण्याएवढा मी मोठा नाही.) फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. एक म्हणजे फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. दुसरं म्हणजे उभा जन्म पोस्टात लोकांची पत्रं वाटली. एखादं तरी आपलं म्हणून वाटेला लागावं.

इकडे सगळे खुशाल. तुमचा पांगलिमाही खुशाल आहे. नाव सेनापतीचं आणि थाट राजाचा: सकाळी आंघोळ, मग ऊन, मग जिवंत रातकिडे, वर मुंग्यांची अंडी. मला न्याहारीला सोयाबीनचं कालचं टेम्पे. शामा पक्षी पाळणारी माणसं मुलांपेक्षा पक्ष्याला जपतात हे ऐकून होतो, आता भोगतो आहे. पण तुम्ही विश्वासाने पिंजरा ओसरीवर टांगून गेलात, पक्ष्यांच्या गाण्याच्या महापौर चषकाच्या आधी परत येऊन त्याला न्यायचं म्हणालात, तेव्हा तक्रार नाही. त्याच्याविषयी शेवटी लिहितो.

आता मूळ गोष्ट. बाबा गेले तेव्हा वाटणी झाली, बासरी थोरल्याकडे आणि कॅसेट धाकट्याकडे. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, "सालातिगाची हवा ओली, बुरशी खाईल कॅसेटला, मला दे, माझं घर कोरडं आहे." मी दिली नाही. (तुमचं घर कोरडं आहे, याबद्दल वाद नाही.) बासरी तुमच्या बैठकीत काचेच्या कपाटात निजली. माझ्याकडे निदान बाबांची फुंकर होती. सेमारांगच्या रेडिओवर क्रोंचोंग गाणी वाजवणाऱ्या ताफ्याबरोबर त्यांनी आयुष्यात एकदाच वाजवलं, ते. सुरुवातीची लकेर आठवते ना? वर चढताना सूर एका जागी घसरतो, सावरतो, मग बाबा श्वास घेतात, तो श्वाससुद्धा ऐकू येतो, आणि गाणं सुरू होतं. त्या जागेला आई हाताने तोंड झाकून हसायची आणि बाबा म्हणायचे, "घसरला नाही गं, समोरून कुणी तरी येत होतं, वाट दिली." तर ही कॅसेट कम्प्युटरवर घ्यावी, नीट वाजती करावी, तुम्ही परत याल तेव्हा दोन खुर्च्या शेजारी मांडाव्यात आणि तुमच्या तोंडून 'बरं केलंस' एवढे दोन शब्द निघावेत, यासाठी मी पुढचा सगळा मूर्खपणा केला. सत्तरीपर्यंत ते दोन शब्द मी ऐकलेले नाहीत. टोमणा नाही, नुसती नोंद आहे.

जावई गालिह याने स्वतःचा जुना कम्प्युटर आणून दिला. जुना म्हणजे त्याच्या हिशेबाने. माझ्या हिशेबाने ते अजून पाळण्यातलं बाळ. त्याच्यातला पंखा भात शिजवण्याच्या कुकरसारखा सुस्कारे टाकतो. गालिह म्हणाला, कम्प्युटरच्या पोटात आवाज खराब होतो, बाहेरून एक डबी लावावी लागेल, ती आकड्यांचा आवाज करते. मी विचारलं, आकडे कुठून आले? तर म्हणाला, आता बाबांची बासरी म्हणजे आकडेच आहेत, पाक. सगळं गाणं आकड्यांचंच असतं हल्ली. कांगमास, चौथीत आपल्या बाईंनी पंतुन शिकवताना सांगितलं होतं की पहिल्या दोन ओळींत शेत, पाऊस, नारळ काय हवं ते आणा, पण पुढच्या दोन ओळींनी काळजात काटा मोडला पाहिजे. त्या बाईंना कुणी सांगितलं असतं की पुढे काटाही आकड्यांत येईल, तर त्यांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

डबीसाठी बाजारात को लिओंगच्या दुकानात गेलो. तो मला अजून पाक पोस, पोस्टातले काका, म्हणतो, आणि अजून विचारतो की त्याच्या मामाची मनिऑर्डर कुठे हरवली होती. डब्या त्याच्याकडे सुपारीएवढ्यापासून पेटाऱ्याएवढ्यापर्यंत. मी म्हटलं, यात फरक काय? तो म्हणाला, "पाक पोस, फरक कानात असतो. जे गाणं तोंडपाठ आहे तेच घेऊन या, तेच सगळ्या डब्यांवर वाजवा, ज्यावर अंगावर काटा येईल ती तुमची." हा एकच शहाणा सल्ला मला या सगळ्यात मिळाला, आणि त्यानेच घात केला. डब्या घरी नेऊन पारखायची त्याने मुभा दिली. तेव्हापासून डबी बदलली की बाबांची लकेर, तार बदलली की लकेर, स्पीकर दोन बोटं सरकवला की पुन्हा लकेर. पुढचं गाणं ऐकायला सवडच झाली नाही.

स्पीकरचा निराळाच धर्म आहे. ते भिंतीला चिकटलेले चालत नाहीत, कोपऱ्यात चालत नाहीत, आणि ऐकणाऱ्याने दोघांपासून सारख्या अंतरावर त्रिकोणाच्या टोकाला बसायचं असतं. आमच्या घरात ते टोक नेमकं स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर येतं. मी तिथे खुर्ची टाकली. रुस्तिनी हातात झारा घेऊन उभी राहिली. म्हणाली, "अहो, सासऱ्यांची बासरी एवढीच गोड लागत असेल तर कढईतच बसा ना, तिथून आणखी स्वच्छ ऐकू येईल." (चाळीस वर्षं ही बाई माझ्या कवितांना अशीच दाद देते आहे.) गालिहने मला त्याच्या फोनवरच्या आवाजशौकिनांच्या मंडळातही घातलं. तिथे सुराबायाचे एक गृहस्थ सांगतात की नवी तार आणल्यावर तिला पंधरा दिवस विश्रांती द्यावी, मगच काम सांगावं. मी पोस्टात होतो तेव्हा माणसांनाही एवढी रजा नव्हती. त्या मंडळात रोज भांडण होतं. कुणीही कधी एखाद्या गाण्याचं नाव काढत नाही.

पण खरा छळ प्रोग्रामांनी केला. नुसती डबी आणि स्पीकर असून भागत नाही, गाणं उचलून वाजवणारा प्रोग्रामही निवडावा लागतो. पहिला फुकट होता. बाबांनी श्वास घ्यायला तोंड उघडलं की हा मध्येच नाक खुपसून सांगायचा, तात्काळ कर्ज मिळेल. दुसरा महिन्याला भाडं मागायचा, आणि बाबांची बासरी माझ्याच घरात, माझ्याच कम्प्युटरवर असून मला भाडेकरूसारखं वागवायचा. तिसरा भारी शिस्तीचा. वाजवण्याआधी त्याला कलाकार कोण, साल कोणतं, प्रकार कुठला, सगळं हवं. मी चष्मा शोधेपर्यंत त्याने स्वतःच लिहून टाकलं: अज्ञात कलाकार. कांगमास, ज्यांचा हात कपाळाला लावायला ईदच्या सकाळी अर्धी गल्ली आपल्या दारात यायची, ते आपले बाबा अज्ञात कलाकार! मी नाव घातलं. तर रात्रीत त्याने कुठूनशी माहिती काढली, आणि सकाळी बाबांच्या नावासमोर एका परदेशी पोरीचं चित्र, केस निळे, जीभ बाहेर. रुस्तिनी म्हणाली, "सासरे तरुणपणी बरे दिसायचे." मी जेवलो नाही त्या दिवशी. (रात्री जेवलो.)

चौथाही शिस्तीचाच निघाला. तिसरा नावं नीट ठेवी, चौथा आवाज नीट ठेवी, म्हणून शेवटी दोघांनाही ठेवलं. दोघेही फार स्वच्छ सवयींचे. घरात एक वस्तू दोनदा दिसली की बेचैन होणारे. त्यांच्या स्वच्छतेबद्दलही खाली लिहितो.

या सगळ्यात एक पंतुन मात्र झालं. चौथीतल्या बाईंना आवडलं असतं:

मक्याच्या शेतात धुकं उतरलं,
अंगणी वाळते मिरची लाल;
ओठांचं आयुष्य केव्हाच सरलं,
वेळू मात्र जपला सालोसाल.

यातला वेळू म्हणजे तुमच्या कपाटातली बासरी असं कुणाला वाटेल. वाटू दे. मुद्दा एवढाच, की हल्ली सगळे जपतात. मुलांच्या फोनमध्ये म्हणे लाखो गाणी आहेत, आणि जेवताना सगळे आपापल्या कानात बोळे घालून एकमेकांना मीठ खुणेने मागतात. पूर्वी गल्लीत एक रेडिओ होता आणि दहा घरं ऐकायची. आता दहा रेडिओ आहेत आणि माझ्या घरात ऐकायला बसतो तो मी, तोही वाटेत.

सामान सगळं जागेवर आहे. डबी निवडली (मधली), स्पीकर निवडले (लहान), तारांची विश्रांती झाली. तुम्ही यावं. वहिनींना सलाम सांगावा, बाळाला उन्हात फार नेऊ नये, गुडघ्यांना कोमट तेल चोळावं.

आपला आज्ञेतला धाकटा,
विर्योनो

ता. क. पांगलिमा खुशाल आहे हे खरंच आहे. पण तुम्ही जाताना ध्वनिमुद्रणाचा एक तुकडा देऊन गेला होतात, त्यात कॅनरीचा आवाज, धबधबा आणि आणखी कसले कसले पक्षी भरलेले. पिंजऱ्यावर कापड टाकून रोज तासभर तेच ऐकवायचं, म्हणजे तो उचलेल आणि चषकात पंचांना दिपवेल. पहिला आठवडा ऐकवलं. पुढे स्पीकर दुसऱ्या कामात गुंतले. पिंजरा ओसरीवर, स्पीकर खिडकीशी, आणि कापड मी तुमच्या सांगण्याप्रमाणे न चुकता टाकत होतो. तुम्हीच म्हणता ना, अंधारात पक्षी मन लावून शिकतो.

दुसरा ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. कॅसेट बुरशीने गेली नाही, हे आधी लक्षात घ्यावं. कम्प्युटरवर उतरवून झाली आणि तिने यंत्राच्या चाकाला मिठी मारली; गालिहने फीत शेवयांसारखी ओढून काढली. तरी मी शांत होतो, कारण बाबा कम्प्युटरमध्ये होते, एकदा नव्हे दोनदा: एक प्रत तिसऱ्या प्रोग्रामकडे, एक चौथ्याकडे. मग तिसऱ्याने नम्रपणे विचारलं, तीच वस्तू दोनदा दिसते आहे, जादाची काढू का? मी म्हटलं, काढ. त्याने चौथ्याची काढली. त्याच दुपारी चौथ्यानेही, सकाळच्याच जुन्या यादीवरून, विचारलं. मी समजलो तोच प्रश्न पुन्हा विचारतोय, यंत्रं विसरतात. म्हटलं, काढ रे बाबा. त्याने तिसऱ्याची काढली. विहिणी एकमेकींना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत ताट परत पाठवतात आणि शेवटी दोघी उपाशी उठतात, तसं झालं. आता तिथे बाबांचं नाव आहे, साल आहे, निळे केसही मी काढून टाकले आहेत. बोट दाबलं की 'टुंग' असा आवाज येतो आणि पाटी येते की सापडत नाही. गालिहने दोन दिवस शोधलं. नाही सापडत.

तिसरा ता. क. (आणि पत्राचं कारण.) पांगलिमाला माझ्याकडेच राहू द्यावं. परवा तुरीला पाणी घालत होतो, कम्प्युटर बंद होता, आणि ओसरीवर बाबांची लकेर वाजली. हातातलं भांडं पडलं. तो घेतो, कांगमास. वर चढतो, त्याच जागी घसरतो, सावरतो. रुस्तिनी झारा तसाच धरून बाहेर आली आणि हाताने तोंड झाकून हसली, अगदी आईसारखी, आणि मग हसायची थांबली. चषकात त्याला आता कुणी उभं करणार नाही. माणसाची धून म्हणणारा शामा पंच बाद करतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हा तुम्हाला तो तसाही उपयोगाचा नाही. बदल्यात डबी, दोन्ही स्पीकर आणि विश्रांती घेतलेल्या सगळ्या तारा पाठवतो. बासरी वाजवता तुम्हालाही येत नाही, मलाही येत नाही. आपल्या घराण्यात ती लकेर आता त्या एकट्यालाच येते. त्याला रातकिडे मी घालीन.

चौथा ता. क. रुस्तिनी म्हणते, लिहायचंच तर सगळं लिहा. बरं. लकेर संपल्यावर, बाबा जिथे श्वास घेतात नेमकं तिथे, पांगलिमा 'टुंग' करतो. कम्प्युटरचं शिकला आहे तो. ते विसरावं म्हणून मी कापड काढलं, केळं दिलं, रागावलो, पंतुनही म्हणून दाखवलं. नाही विसरत. आणि माझ्याकडे पाहत असला तर मुळीच गात नाही, पाठ करून बसावं लागतं. तुम्ही याल तेव्हा दोन्ही खुर्च्या पाठमोऱ्या मांडून ठेवतो. 'टुंग' झालं की दचकू नका. तिथला श्वास आता आपण दोघांनीच घ्यायचा आहे.