ब्रेक तुटलेला आरा क्रमांक तीन

नाकाडोंगरी, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा
दिनांक ९ फेब्रुवारी १९८४

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
यांत्रिक लाकूडतोड उपविभाग,
सालईटोला आगार

विषय : आरा क्रमांक तीनचा ब्रेक दुरुस्त होईपर्यंत तो कूपात, म्हणजे तोडीच्या जंगलपट्ट्यात, न पाठविण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे याआधीचे चार अर्ज. २) आपल्या कार्यालयाचा दि. ३ फेब्रुवारीचा आदेश.

सोबत : तपासणी नोंदवहीतील अकरा पानांची हाताने उतरवलेली नक्कल.

महोदय,

१. अर्जदार तुलाराम फागू राहांगडाले, वय चव्वेचाळीस, सातवी पास, याने एकवीस वर्षे कुऱ्हाडीने आणि पुढे चार वर्षे मशीनने झाडे पाडली. सन १९७९ मध्ये आगारात साखळीचे तीन यांत्रिक आरे आले. शिकवायला आलेले साहेब आठ दिवस राहिले. जाताना म्हणाले, "रोज सकाळी मशीनची परीक्षा घ्या, नाहीतर ती तुमची घेईल." बाकीचे हसले. अर्जदाराने ते मनावर घेतले.

२. तेव्हापासून अर्जदार सर्वांच्या आधी अर्धा तास येत असे. प्लगची तार काढून साखळी हाताने ओढून पाहायची. ती पात्याला धरून बसावी, पण बोटांनी सरकावी. प्रत्येक दाताला गोल कानशीने सारखी धार द्यायची. भुसा झाडायचा, बोल्ट आवळायचे. शेवटी ब्रेक. पुढच्या मुठीसमोरची ढाल पुढे ढकलली की फिरती साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. पात्याचे टोक कशाला अडले तर आरा उसळून चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो. तेव्हा मनगट त्या ढालीवर आदळते, साखळी थांबते आणि माणूस वाचतो. दुसरे काही वाचवत नाही.

३. दि. १७ ऑक्टोबर १९८३ रोजी आरा क्रमांक तीनच्या ब्रेकचा आतला पट्टा तुटला. अर्जदाराने नोंदवहीत 'नादुरुस्त' असे लिहिले. भांडारपाल वासुदेवराव यांनी बोलावून घेतले. म्हणाले, "तुलाराम, काहून असा लिहून राहिला? मशीन जमा करा लागते मंग. कूप मार्चपर्यंत निघन काय?" अर्जदाराने 'ब्रेकचा पट्टा, एक नग' अशी मागणी लिहून दिली. नवव्या दिवशी सामान आले. ते शिपायाने कमरेला बांधायचा, पितळी बिल्ल्याचा चामडी पट्टा होता. अर्जदाराने तो त्याच दिवशी परत केला. परंतु 'मागणीप्रमाणे पट्टा पुरविला' अशी नोंद झाली ती आजतागायत तशीच आहे, आणि पुरविलेली वस्तू पुन्हा मागता येत नाही असे अर्जदारास सांगण्यात आले.

४. कामाच्या अकरा दिवसांत अर्जदाराने अकरा वेळा 'नादुरुस्त' लिहिले व आरा उचलला नाही. बाराव्या दिवशी त्यास फाटकावर चौकीदार नेमले आणि आरा त्याचा साळा धनीराम पटले यास दिला. अर्जदार त्याच्या घरी गेला. म्हणाला, "धनी, नको घेऊ तो आरा. मी फाटकावर बसलो तसा तूबी बस." धनीराम म्हणाला, "भाऊजी, तुमी जुने हाव म्हणून फाटकावर बसवलं. मले तं सिदा घरी बसवतीन." नोंदवहीत 'सुस्थितीत' हा शब्द आधीच लिहून येत असे. धनीराम खाली सही करी.

५. दि. २ डिसेंबर रोजी सकाळी धनीराम पाडलेल्या सागाच्या फांद्या छाटत होता. पात्याचे टोक खालच्या फांदीला लागले. आरा उसळला. त्याचे मनगट ढालीवर आदळले, असे बघणारे दोघे सांगतात. ढाल पुढे गेलीही, पण साखळी थांबली नाही. जबडा फाटला आणि डावा खांदा हाडापर्यंत उघडला. खाटेवर घालून त्याला फाटकातून नेले तेव्हा फाटक अर्जदारानेच उघडले. धनीराम वाचला. त्याचा डावा हात आता उचलत नाही आणि त्याचे बोलणे फक्त त्याची बायको सुमनबाई हिला समजते. दवाखान्याच्या ओट्यावर तिने अर्जदारास एवढेच विचारले, "तुमाले मालूम होतं ना?" अर्जदारास मालूम होते.

६. चौकशी झाली. 'यंत्र नोंदवहीप्रमाणे सुस्थितीत होते. चालकाचा हलगर्जीपणा' असा निष्कर्ष निघाला. अर्जदाराची अकरा पाने वाचली काय, असे विचारता ती ऑक्टोबर महिन्याची असल्याचे उत्तर मिळाले. आता यंत्र सुस्थितीत ठरल्यामुळे दुरुस्तीस मंजुरी मिळत नाही. आरा रॉकेलने धुतला, नवी साखळी चढवली. अर्जदाराने स्वतः जाऊन ढाल ढकलून पाहिली. साखळी फिरतच राहिली.

७. यावर अर्जदाराने चार अर्ज केले. चौथ्या अर्जानंतर आदेश आला, की 'अर्जदारास तपासणीची विशेष जाण असल्याने' त्याने सोमवार दि. १३ पासून आरा क्रमांक तीन ताब्यात घ्यावा. नकार दिल्यास तो आगारातील मजूर सुखराम यास देण्यात येईल. सुखरामने आजवर मशीन तीन दिवस धरली आहे.

८. अर्जदाराने आदेश घरी वाचून दाखवला. पत्नी सत्यभामाबाई म्हणाली, "चार अर्ज केले तुमी. साहेब वाचत नाईत, अन् आऱ्याले वाचता येत नाई. आता पाचवा कायले?" तरी अर्जदाराने हा पाचवा लिहिला आहे. विनंती तीच आहे, की ब्रेकचा तो एक पट्टा मागवावा आणि तोवर आरा भांडारात कुलूपबंद ठेवावा. विनंती मान्य होईल असे अर्जदारास वाटत नाही. म्हणून सुखरामच्या ऐवजी आरा आपण घेतो, असे त्याने काल भांडारात कळवले आहे.

९. आज सकाळी सुखरामची बायको बेबीबाई सूपभर लाखोळीची डाळ घेऊन अर्जदाराच्या घरी आली. दारात उभी राहिली. सत्यभामाबाईने सूप तिच्या हाती परत दिले आणि म्हणाली, "माय, याच्या बदल्यात माणूस देऊन नाई राहिलो आमी." मग दोघी तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

सोमवारी सकाळी साडेसहा वाजता अर्जदार आगारात हजर होईल, हे आपणास कळावे.

आपल्या आदेशाखाली असलेला,
तुलाराम फागू राहांगडाले
चौकीदार, दि. १३ पासून यंत्रचालक