डावीकडचे रणगाडे

८ जानेवारी १९९६, सोमवार

फ्रान्सिस अंकलनी आज नवं काम दिलं. केबल आल्यापासून दुकानातल्या सिनेमाच्या कॅसेटी पडून असतात, म्हणून त्यांनी टीव्ही गेमची दोन यंत्रं आणि जुन्या गेम कॅसेटींची एक पिशवी कुठून तरी आणली आहे. भाड्याने देणार. प्रत्येक गेमचं एक कार्ड करायचं, कसा आहे ते चार ओळींत.

मी म्हटलं, मी कधी खेळलेच नाही.

"म्हणून तर तुला सांगतो. खेळणारी पोरं समद्यालाच एक नंबर बोलतात. तू खोटं बोलत नाय."

खोटं न बोलणं वेगळं आणि खरं माहीत असणं वेगळं. हे त्यांना सांगायचं राहून गेलं. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

१० जानेवारी

यंत्र घरी आणलं. सोबत बंदूक आहे प्लास्टिकची. आई म्हणाली, "घरात आधीच कोण कोणाशी बोलणत नाय, आता टीव्हीक बंदूक दाखव." बाबा पाठ करून बसले, पेपर वाचत. तोच पेपर सकाळीही वाचला होता.

पहिलं कार्ड. बदकांचा गेम. बदकं उडतात, बंदुकीने पाडायची, नेम चुकला की कुत्रा हसतो. बंदूक टीव्हीच्या काचेला टेकवली तर एकही नेम चुकत नाही. हे लिहावं का? लिहिलं. भाड्याने नेणाऱ्याला निदान माहीत तरी असावं.

१२ जाने.

कॅसेटीवर छापलंय '६४ गेम'. एकेक करून बघितले. खरे वेगळे नऊ. बाकी तेच, मधूनच कुठून तरी सुरू होतात. कार्डावर लिहिलं : नऊ. अंकल वाचून म्हणाले, "सुमन, तू मला भिकेला लावणार." पण कार्ड फाडलं नाही, पिनने लावलं.

ठरवलं : खात्री असेल तिथे काही नाही, नसेल तिथे कोपऱ्यात 'शं.' म्हणजे शंका.

बाबांनीच शिकवलेलं आहे हे. गिरणी संपात आम्ही गावाला राहिलो, माझी शाळा चुकली. दुसरीपर्यंतचं सगळं बाबांनी घरी, जमिनीवर खडूने. 'आधी दिसता ता लिही, वाटता ता मागाहून.' तेव्हा हे फक्त गाईच्या निबंधासाठी आहे असं वाटायचं.

१४ जाने.

संक्रांत. तिळगूळ द्यायला वाकले तर बाबा टीव्हीकडे बघत होते. मी गेममधल्या मिशीवाल्याला उड्या मारायला लावत होते, त्याचा पडदा पुढेच जातो, मागे येत नाही. नाणं राहिलं तर राहिलं. बाबा म्हणाले, "परत मागे जावक मिळत नाय?" नाही म्हटलं. "मग घाई कित्याक करतंस?"

आठ दिवसांत एवढं मोठं वाक्य पहिलंच.

मत : चांगला गेम. पण मागे जाता न येण्याचं कारण गेममध्ये कुठेच दिलेलं नाही. शं.

१५ जाने.

बाबा खेळले.

रणगाड्यांचा गेम. दोघांना मिळून खेळता येतो. खाली मधोमध आपलं ठाणं, भोवती विटा. वरून तीन जागांहून शत्रूचे रणगाडे येतात, डावीकडून, मधून, उजवीकडून. ठाणं राखायचं. बाबांनी रिमोट असा धरला की जणू गरम आहे. पण दहा मिनिटांत बोटं बसली. आवाज पूर्ण बंद ठेवला, त्यांना तसाही ऐकू कमी येतं. गिरणीच्या साचाखात्यात, मागांवर, बावीस वर्षं. तिथे यंत्रांच्या आवाजात कोणी ओरडत नसे, ओठांनी बोलत. आम्ही दोघं अजूनही कधीतरी आईच्या नकळत तसं बोलतो.

नवा नियम : गेम आवाजाशिवाय खेळता येतो का, तेही कार्डावर लिहायचं. येतो.

खेळताना बाबांची मान सारखी इकडून तिकडे फिरते. आई म्हणाली, "चार साचे सांभाळतत बघ अजून." रस्त्यातही ते तसेच मान फिरवत चालतात. चाळीत सगळे त्याला साचेवाल्याची मान म्हणतात.

१७ जाने.

शिवराम काका आले. बाबांच्या खात्यातले जुने जॉबर, म्हणजे मुकादम. भिवंडीला एका यंत्रमागवाल्याला जुना, जाणता माणूस हवाय. पाच फेब्रुवारीपासून. राहायची सोय तिथेच, रविवारी घरी.

 काका गेल्यावर बाबांनी दाढी केली. संध्याकाळी.

आईने ट्रंकेतून बाबांची गिरणीतली खाकी अर्धी पँट काढली. बटण तुटलेलं होतं, लावलं. गिरणी बंद पडल्यानंतर चार वर्षांनी ती गुणगुणताना ऐकली. मधेच थांबून म्हणाली, "बघतंस काय? दोरो दी."

१९ जाने.

रणगाड्यांचं कार्ड लिहिलं. शेवटची ओळ : डावीकडून येणारे रणगाडे जास्त चलाख आहेत, त्यामुळे गेम थोडा अन्यायाचा वाटतो.

पाच संध्याकाळी खेळलो. प्रत्येक वेळी ठाणं डावीकडूनच फुटलं. बाबा विचारतात, "सुमन, तो डावीकडचो खंयसून येता गो?" उजवीकडचा एकही सुटत नाही त्यांच्या हातून.

२० जाने.

अंकलनी कार्ड वाचलं. "डावीकडचे चलाख? नक्की काय?"

झोप उडवायला एवढंच पुरे. दुपारी दुकानात एकटीने खेळले, घड्याळ समोर ठेवून. रणगाडा वरून खाली यायला किती वेळ लागतो ते तिन्ही बाजूंचं मोजलं. सारखाच. दहा वेळा केलं. सारखाच.

कार्डावरची ओळ खोडली. गेमबद्दल मी खोटं लिहिलं होतं. पण मग काय खरं होतं?

२२ जाने.

आज मुद्दाम वेगळे लावले.

गाडीचा : रस्ता सरळ, पेट्रोल संपायच्या आत पुढे जायचं. बाबांची गाडी सात वेळा आपटली. सातही वेळा डावीकडच्या गाडीवर.

विटा पडतात तो : खाली बिनभोकाची भिंत रचायची. बाबांनी उजवीकडची अशी रचली की बघत राहावं, एक फट नाही. विणलेलीच. डावीकडे खड्डा. वीट तिथे न्यायची असते हे त्यांना मान वळवली की कळतं, पण तोवर वीट खाली.

गेमबद्दल मत काहीच लिहिता येईना. तीन गेम वेगळे, बनवणारे वेगळे. तीनही डावीकडून कसे कठीण असतील?

२३ जाने.

दिसता ता लिही.

जेवताना मीठ ताटाच्या डाव्या बाजूला वाढलं. बाबांनी मीठ मागितलं. आई : "समोर तर आसा." मान फिरवली, दिसलं, खाल्लं. आई हसली. मी नाही.

चहाचा कप मागच्या आठवड्यात त्यांच्या डाव्या हाताने पडला होता. त्याआधी पाण्याचा तांब्या. दाराची डावी चौकट, खांद्याला खरचटलेलं.

साचेवाल्याची मान नाही ती. शोधणारी मान आहे. चाळभर कौतुकाने बघतो आम्ही, कोणालाच…

२५ जाने.

अंकलना सांगितलं, नाव न घेता. ते लगेच म्हणाले, "तुझा बाबा काय?" त्यांच्या बायकोचं असंच झालं होतं. कडेने दिसायचं गेलं, तिला कळलंच नाही, दुखत तर नाय. डॉक्टरने सांगितलं, गेलं ते येणार नाय, आहे ते औषधाने राहील. "ती पण बोलली, नाताळ होऊ दे मग जाऊ. थांबू नकोस पोरी."

मग म्हणाले, "माझ्या गेमने डोळे तपासलेस तू. हे पण लिही कार्डावर." हसवायला म्हणाले. थोडं हसले मी.

२८ जाने., रविवार

शिवराम काका परत. साचे कसे आहेत ते सांगत होते. दाटीवाटीने लावलेत, दोन साच्यांमधून आडवंच जावं लागतं, यंत्रांचे फिरते पट्टे उघडे. बाबा ऐकून म्हणाले, आमच्या खात्यात एकदा साच्यातला धावता धोटा उडालेला, सावंताच्या कपाळात. "माका आधीच दिसलो. मी खाली बसलंय." मग दोघं हसले. जुनी गोष्ट, शंभरदा ऐकलेली. आज मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले.

आता उडाला तर कुठल्या बाजूने उडेल?

३० जाने.

सांगितलं तर भिवंडीचं काम हातचं जाणार. चार वर्षांनी दाढी रोज होते आहे. आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "ह्येंका कामावर बोलावणा इला." 'बोलावणं' म्हणाली, लग्नाचं असल्यासारखं.

नाही सांगितलं तर.

आणि मी चुकत असेन तर? एकदा डावीकडचे चलाख म्हणून लिहिलंच होतं ना मी. ते तर शाईने.

१ फेब्रुवारी

सांगायचं ठरवून घरी आले. बाबा खाटेवर, आई स्टोव्हपाशी. आईला कळू नये म्हणून ओठांनीच बोलायचं ठरवलं. त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि ओठांनी सगळं सांगितलं. तुम्हाला या बाजूने दिसत नाही, बाबा. भिवंडीला जाऊ नका, आधी डोळे दाखवू.

ते समोर बघत राहिले. एकदाही वळले नाहीत.

मी डावीकडे बसले होते.

मुद्दाम नाही. खरंच नाही. का मुद्दामच? शं.

३ फेब्रु.

दिवसभर तेच. न कळेल अशा जागी बसून सांगणं म्हणजे न सांगणंच. ते परवाचं मोजायचं नाही.

सरकारी हॉस्पिटलात डोळ्यांच्या ओ.पी.डी.ची चौकशी केली. सोमवारी असते. केस पेपरसाठी सातच्या आत रांगेत उभं राहावं लागतं.

४ फेब्रु., रविवार

दुपारी आई देवळात गेली. मी उठून बाबांच्या उजवीकडे बसले. आवाजात नाही, ओठांनीच. सगळं सांगितलं. रणगाडे, गाडी, विटा, मीठ, कप, चौकट. दिसलं ते आधी. वाटलं ते शेवटी. उद्याची ओ.पी.डी. आणि सातची रांगही.

बाबा ओठांकडे बघत होते. मी थांबल्यावरही बघत राहिले, जणू आणखी काही येणार आहे.

मग म्हणाले, मोठ्याने, "तो गेम लाव."

रणगाड्यांचा लावला. मी रिमोट घेतला नाही. एकटे खेळले. पहिल्यांदा मान फिरवत, नेहमीसारखं. ठाणं बराच वेळ राहिलं. मग त्यांनी मान धरली. म्हणजे खरंच, डावा हात मानेमागे घालून घट्ट धरली, आणि उजव्या हाताने खेळायला लागले. एका हाताने नीट जमत नाही त्या गेममध्ये. तरी उजवीकडचे दोन पाडले. डावीकडून एक आला, अगदी सावकाश, विटा फोडत. मला तो येताना पूर्ण दिसत होता. मी काही बोलले नाही.

ठाणं गेलं.

त्यांनी परत लावला. परत मान धरली. परत गेलं.

"पोलादी साचे सांभाळले ह्या मानेन," एवढंच म्हणाले. यंत्राची वायर स्वतः गुंडाळली, अगदी गोल, आणि पिशवीत ठेवली. "उद्या दुकानात नेऊन दी. लोकांची वस्तू."

आई आली. भिवंडीची पिशवी भरत बसली. खाकी पँट, दोन बनियन, चटणीची बाटली. मला म्हणाली, "गप कित्याक? बापूस कामाक चल्लो तर रडतंस काय?" बाबा म्हणाले, "रडूदे गो तिका." तिला वाटलं मस्करी केली.

रणगाड्यांचं कार्ड पुन्हा लिहिलं. गेम सगळ्या बाजूंनी सारखा. आवाजाशिवाय खेळता येतो. दोघांनी मिळून खेळावा, एकाने एक बाजू घ्यावी. शं. नाही.

भिवंडीला जायचं तर सकाळी सहाला निघावं लागतं. केस पेपरच्या रांगेलाही सहालाच. बाबांनी घड्याळाला साडेपाचचा गजर लावला आहे. कुठे जायला, ते मी विचारलं नाही. फक्त मलाही उठव, असं आईला सांगून ठेवलं. बाबांनी ते ऐकलं, म्हणजे बघितलं. मी उजवीकडे होते.