मुठीत बसेल असं पिस्तूल

अप्पा,

काल आमच्या क्लबसाठी आठ नवी पिस्तुलं मागवली, आणि ती निवडली मी. तुम्ही गेलात तेव्हा मी दुबईत, अल मनखूलच्या एका खोलीत संसार मांडत होते. पुन्हा कधी पिस्तूल हातात धरेन असं मलाही वाटत नव्हतं. आता आम्ही शारजात अल नहदाला राहतो. मुलगी शाळेत रुळल्यावर मी शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबात कामाला लागले. आधी काउंटरवर नावं लिहून घ्यायची, मग हळूहळू रेंजवर. गेली सात वर्षं नवशिक्यांना मीच शिकवते. यातलं तुम्हाला काहीच ठाऊक नाही, म्हणून हे आधी सांगितलं.

आमच्याकडे बायकांची एक बॅच सुरू झाली आहे. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, लेडीज हैं, स्मॉल साइज ले लेते हैं. एक मॉडेल पसंद करो, यल्ला, खलास." तो इथलाच, तरुण, पण हिंदी आपल्यासारखीच बोलतो. मी म्हटलं, नाही, लहान नको, पूर्ण आकाराचं हवं. त्याला ते उलटं वाटलं. मग मी त्याला तेच सांगितलं जे तुम्ही मला सांगायचा. लहान पिस्तूल हलकं असतं, म्हणून हातात उसळतं. मूठ आखूड, त्यामुळे करंगळीला जागाच उरत नाही, ती हवेत लोंबकळते. पहिल्याच दिवशी असा झटका बसला की बाई पुढची गोळी डोळे मिटून झाडते, आणि ती भीती मग महिनोन्‌महिने निघत नाही. तुमचं वाक्य मी हिंदीत करून सांगितलं. हात लहान आहे म्हणून पिस्तूल लहान घ्यायचं नसतं, हातात बसेल असं घ्यायचं. तो म्हणाला, "ओके, तुम बोलो वही."

हे वाक्य तुम्ही मला स्वयंपाकघरात सांगितलं होतं. पोलीस लाइनीतलं आपलं दोन खोल्यांचं घर, आई पोळ्यांची कणीक मळून ठेवते आहे, आणि तुम्ही शस्त्रागारातून येता, खाकी न उतरवताच ओट्याशी उभे राहता. जिल्हा रायफल क्लबच्या पिस्तुलाची लाकडी मूठ माझ्या हाताला मोठी होते, अशी तक्रार मी आठवडाभर करत होते. तुम्ही कणकेचा गोळा उचलून माझ्या हातात देता आणि म्हणता, "धर. पिस्तूल धरतेस तसं धर. आवळू नकोस." माझ्या बोटांचे ठसे त्या गोळ्यात उमटतात. तो गोळा तुम्ही खिडकीत वाळत ठेवता आणि आई म्हणते, "आता याच्या पोळ्या कोण खाणार?" पुढचे पंधरा दिवस तुम्ही रोज संध्याकाळी सागाचा एक तुकडा कानशीनं घासत बसलात. त्या मुठीवर माझं प्रत्येक बोट आपापल्या जागी जाऊन बसायचं. मला आयुष्यात पुष्कळ वस्तू मिळाल्या. माझ्या हाताचं माप घेऊन केलेली ती एकच.

तर काल नमुन्याला आणलेली पाच पिस्तुलं टेबलावर होती. आमचे शस्त्र दुरुस्त करणारे उस्ताद, पेशावरकडचे, साठीला आलेले, त्यांनी एकेक उघडून, रिकामं असल्याची खात्री करून माझ्याकडे सरकवलं. मी तुमच्यासारखीच सुरुवात केली. आधी डोळे मिटून नुसतं धरायचं. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी जितकी वर जाईल तितकी जाऊ द्यायची, मग पकड न बदलता तर्जनी ट्रिगरवर पोचते का ते बघायचं. एकाची मूठ छान होती पण ट्रिगर दूर, बोटाचं टोक जेमतेम टेकत होतं. एकाचा ट्रिगर दाबताना रेती अडकल्यासारखा खरखरत होता. आणि एक होतं, फारच गुळगुळीत, महागातलं. त्याच्या ट्रिगरला बोट लागलं न लागलं तोच तो सुटला. रिकामंच होतं, खट् एवढाच आवाज झाला. पण मी ते खाली ठेवलं आणि थोडा वेळ मला दुसरं उचलता येईना. उस्ताद म्हणाले, "क्या हुआ, बेटा? अच्छा तो है." मी म्हटलं, "नवशिक्यांना नको. हा सांगून सुटत नाही."

शेवटी जे निवडलं ते वजनाला भरीव आहे. मुठीच्या मागची पट्टी बदलता येते, त्यामुळे लहान हातालाही बसतं. ट्रिगरला आधी थोडा ढिलेपणा, मग बोटाला स्पष्ट कळेल असा अडसर, आणि तिथून पुढे जरासाच जोर दिला की काडी मोडावी तसा सुटतो. सुटण्याआधी आपल्याला विचारतो, असं तुम्ही म्हणायचा. उस्तादांनी मला दहादा कोरडा, गोळीविना ट्रिगर दाबून बघताना पाहिलं आणि विचारलं, "किसने सिखाया?" मी म्हटलं, वडिलांनी. "पुलिस में आर्मोरर थे, हथियार ठीक करते थे." ते म्हणाले, "हाथ बहुत अच्छा रहा होगा उनका." मी मान हलवली. मग मॅनेजरनं अहवाल टाइप करता करता विचारलं, "मॅडम, सिलेक्टेड बाय में तुम्हारा नाम डालूं?" साधा प्रश्न होता. मी म्हटलं, एक मिनिट थांब.

अप्पा, ज्या वर्षी मी विद्यापीठाच्या स्पर्धेची तयारी करत होते, त्या वर्षी पावसाळ्यानंतर माझं सरावाचं पिस्तूल तुमच्याकडे दुरुस्तीला आलं होतं. ते परत घेऊन मी रेंजवर उभी राहिले, अजून नेम धरला नव्हता, बोट नुसतं टेकवलं आणि गोळी सुटली. पाच-सहा फुटांवर माती उडाली. शेजारच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, चूक माझी झाली. घरी आल्यावर तुम्हाला विचारलं. तुम्ही बशीत चहा ओतत होता, आणि मला पहिल्यांदा दिसलं की चहा बशीच्या काठावरून सांडतो आहे. तुम्ही बशी खाली ठेवली आणि उजवा हात मांडीखाली घेतला. "दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला," तुम्ही म्हणालात. "बारीक पिना तेवढ्या त्रास देतात. बाकी होतं सगळं. तू कुणाला बोलू नकोस." मी म्हटलं, नाही बोलणार.

तीन आठवडे मी खरंच बोलले नाही. तेव्हा मुख्यालयात नवी भरती आली होती. माझ्याच वयाची मुलं-मुली, मैदानावर रांगेत बसलेली, हातात तुमच्या टेबलावरून गेलेली शस्त्रं. एक मुलगी दुसरीकडे वळून हसत काहीतरी सांगत होती आणि तिच्या हातातली नळीही तिच्याबरोबर वळली. प्रशिक्षक ओरडला, तिनं नळी खाली केली, काही झालं नाही. मी मात्र तिथून थेट, शस्त्रागार ज्यांच्या हाताखाली होतं त्या राखीव निरीक्षक साहेबांच्या खोलीत गेले. उभ्यानंच सांगितलं, "साहेब, अप्पांचा हात थरथरतो. त्यांना शस्त्रागारातून काढा. माझं नाव सांगू नका." त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "जा घरी."

सोमवारी तुम्हाला टेलिफोन ड्युटीवर टाकलं. तुम्ही तुमचे स्वतःचे स्क्रू-ड्रायव्हर आणि ते भिंग कापडी पिशवीत घालून घरी आणलंत आणि पिशवी कपाटावर ठेवलीत. आई काही विचारायच्या आत म्हणालात, "त्यानं सांगितलं. त्याच्याशिवाय माहीत कुणाला होतं?" तो म्हणजे काका. वीस वर्षं तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसून काम केलेले, लाइनीत भिंतीला भिंत लागून राहणारे, मला सायकल शिकवणारे काका. मी तिथेच उभी होते, हातात गाळणं होतं. माहीत मलाही होतं, तुम्हीच सांगितलं होतं. पण तुमच्या मोजणीत मी आलेच नाही. तुम्हाला शंकासुद्धा शिवली नाही, आणि त्या क्षणी बोलायचं ते माझ्याकडून राहून गेलं. पुढच्या क्षणी ते आणखी अवघड झालं. मग रोज थोडं थोडं अवघड होत गेलं.

तुम्ही काकांशी पुन्हा बोलला नाहीत. त्यांनी दिवाळीला फराळाचं ताट पाठवलं, तुम्ही ते झाकलेलंच परत पाठवलंत. ताट घेऊन जाणारी मीच होते. काकू दारात म्हणाल्या, "अगं, झालं तरी काय?" काका आत खाटेवर बसलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठेव तिथं. तू दोन करंज्या खा आणि जा." माझ्या लग्नात तुम्ही त्यांना बोलावलं नाहीत. आणि तुम्ही गेलात तेव्हा, मी विमानातून उतरून थेट स्मशानात पोचले तर ते लांब, नळापाशी उभे होते, चपला काढून. जवळ आले नाहीत. मी दुसऱ्या आठवड्यात परत दुबईला आले. मग मुलगी झाली, घरं बदलली, आईला इथे आणलं, आईही गेली. अठरा वर्षं अशीच गेली.

साहेबांकडे गेले याचा मला पश्चात्ताप नाही, हे तुम्हाला आवडणार नाही. ती रांगेतली मुलगी मला अजून दिसते. मी आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं. अप्पा, तुम्ही स्वतः जाऊन सांगा, नाहीतर मी सांगेन, एवढं एकच वाक्य. तुम्ही रागावला असतात, कदाचित हात उगारला असतात. पण शस्त्रागारातून स्वतःच्या पायांनी बाहेर आला असतात.

मॅनेजरला मी म्हटलं, "हो, माझं नाव घाला." सही केली. घरी आले, मुलगी गाणी लावून अभ्यासाला बसली होती. तिला सांगितलं, मला गावी एक फोन करायचाय, आवाज कमी कर. "इज एव्हरीथिंग ओके, आई?" मी म्हटलं, बघू. काकांच्या मुलाचा नंबर मामेभावाकडून मिळवला. काका आता ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, पण माझा आवाज त्यांनी ओळखला. मी इकडचं तिकडचं काही न बोलता सांगून टाकलं. काका, साहेबांकडे मी गेले होते, तुम्ही नाही, आणि मी अप्पांना ते कधीच सांगितलं नाही. 

मग ते म्हणाले, "मला ठाऊक होतं गं."

"कसं?"

"साहेबांनीच सांगितलं. म्हणाले, पोरीचं नाव बाहेर पडू देऊ नकोस. आणि माझ्या डोळ्यांना का दिसत नव्हता त्याचा हात? मीच सांगायला पाहिजे होतं. माझं धाडस झालं नाही, तुझं झालं."

"मग तुम्ही अप्पांना का नाही सांगितलंत? तुमच्यावर आळ होता."

"सांगून काय मिळालं असतं? माझ्याशी नाही बोलला तर नाही बोलला. घरात पोर एकच होती त्याला. तिच्याशी बोलणं टाकलं असतं तर जेवला असता का तो?"

 त्यांनी विचारलं, तिकडे काय करतेस. मी पिस्तुलांचं सांगितलं. त्यांनी मूठ कशी आहे, ट्रिगर किती वजनाला सुटतो, सगळं नीट विचारून घेतलं, आणि म्हणाले, बरं घेतलंस. मग खोकला आला म्हणून मुलानं फोन घेतला.

हे सगळं मी आज क्लबात, दिवसातली पहिली बॅच यायच्या आधी लिहिते आहे. बाहेर बायका येऊ लागल्या आहेत, त्यांच्या बोलण्याचा आवाज येतो. दहा मिनिटांत मला उठावं लागेल. काकांचं तुम्हाला कळायला हवं होतं, म्हणून लिहायला घेतलं, असं मी स्वतःला सांगत होते. पण लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून टाकते. काल काकांनी ते सांगितलं तेव्हा रडू येण्याआधी, अगदी क्षणभरच, मला हायसं वाटलं की तुम्ही गेलात तोवर तुम्हाला काही कळलं नव्हतं. तुम्ही आज असतात, तर मी काकांना फोन केला नसता, आणि हेही लिहिलं नसतं.