अँड स्टे

घुग्घुस, १४ सप्टेंबर २०२४

ती. श्रावणमामा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.,

फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिते.

माझी बहीण तुमच्या घरी राहून तुमच्याच वर्गात शिकते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. परवा माधवी घरी आली आणि शाळेतून नाव काढा म्हणते. आई आत्ता काय करत असेल, असं तुम्ही इंग्रजीत विचारलंत. तिने सांगितलं, ‘माय मदर कुक अँड स्टे’. तुम्ही ते फळ्यावर लिहून काट मारलीत आणि विचारलंत, आई काय चुलीपाशीच मुक्कामाला असते? आता पोरी तिला ‘अँड स्टे’ अशीच हाक मारतात.

मामा, आई रांधत असली की आपल्या घरात ‘रांधून राह्यली’ म्हणतात. माधवीने ‘राह्यली’चं स्टे केलं. एकही शब्द सोडला नाही. आमच्या कारखान्यात मोटर बंद पडली की पॅनेलवर लाल दिवा लागतो. त्यावरून मी बिघाड शोधते. तुम्ही दिवाच फोडलात.

वर्गाला एकदा ‘बाबा काम करून राह्यले’ याचं इंग्रजी लिहायला सांगा. हसणाऱ्यांचे कागद आधी वाचा. तोवर माधवी येणार नाही.

मामीला जयभीम. लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

दिव्यानी


आरमोरी, २१ सप्टेंबर

चि. दिव्यानीस,
जयभीम व आशीर्वाद.

डोकं फिरलं पत्र वाचून. वीस वर्षं इंग्रजी शिकवून राह्यलो अन् तू मले शिकवतेस! दोन दिवस मामीशी बोललो नाई. ती म्हणते, बरं झालं, शांतता होती.

तरी तुझं वाक्य दिलं. बहुतेक कागदांवर ‘वर्क अँड स्टे’. सगळ्यांत जास्त हसली ती अंजुम, तिचंही तेच. माधवी फक्त मोठ्याने बोलली होती. मग तुझं वाक्य अन् खाली त्यांचं इंग्रजी फळ्यावर लिहिलं, काट न मारता. ‘राह्यले’खाली ‘इज’ अन् ‘इंग’ मांडलं. पोरं आपापले कागद स्वतःच दुरुस्त करू लागली.

पोरीला धाड. माफी तिची मागीन, तुझी नाई. माझा राग उतरेपर्यंत लोभ तूच सांभाळ.

श्रावणमामा


आरमोरी, २८ सप्टेंबर

प्रिय ताईस,
जयभीम.

मामांनी वर्गासमोर माफी मागितली. मग म्हणाले, तुला काय म्हणायचं ते इंग्रजीत म्हण. मी म्हटलं, ‘आय ॲम अँग्री. अँड आय ॲम स्टेइंग.’

त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. खडू हातातच राहिला.

या पत्रात काही चुकलं असेल तर कळव, पण काट मारू नको. लोभ असू दे.

माधवी